मुकी झालेली इटालियन गाडी

उत्तमरावांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि हळूहळू त्याच्या घड्या उलगडल्या. आत कानाच्या दोन्ही मशीन होत्या. अकरा दिवसांपूर्वी मीच त्या त्यांच्या कानांत बसवल्या होत्या. स्वच्छ पुसलेल्या, बॅटरीची दारं उघडी ठेवलेली, अगदी मी शिकवलं होतं तशा.

"घ्या मॅडम. वापस करतो," ते म्हणाले.

कानात मशीन नसल्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागलं. "काय झालं काकाजी? कान दुखतो का? शिट्टी वाजते का?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "काईच नाई दुखत. मशीन साजरी हाये. मानसाचं बोलनं सारं आयकू येते. पन गाडी मुकी झाली."

"कुठली गाडी?"

त्यांच्या शेजारी बसलेल्या सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उत्तर दिलं. "त्याईची ती लाल. इटलीची."

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. बोर्डावर 'श्रवणतज्ज्ञ' लिहिलंय, पण कारंज्यात मला 'कानाच्या मशीनवाल्या मॅडम' म्हणतात. राहते वाशीमला. आठवड्यातले तीन दिवस कारंज्यात एका मेडिकलच्या वरच्या खोलीत बसते. ऐकू कमी येणाऱ्यांची तपासणी करायची, मशीन लागत असेल तर निवडायची आणि ती त्या माणसाच्या कानाप्रमाणे लॅपटॉपवर सेट करायची, हे माझं काम. या शेवटच्या गोष्टीलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. चष्म्याचा नंबर बरोबर निघाला की काम झालं. मशीनचं तसं नसतं. तिची मेंदूशी ओळख व्हावी लागते, आणि ती एका दिवसात होत नाही.

उत्तमराव कामरगावचे. वय सहासष्ट. गावाला लागून त्यांची वाडी आहे. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमच्याकडे सांबार. वाडी बघतात त्या सुमनकाकू. उत्तमराव तरुणपणी आयटीआय करून पुण्याला गेले आणि काही वर्षांनी एका शौकीन गृहस्थांकडे नोकरीला लागले. त्या गृहस्थांनी परदेशी मोटरसायकली जमवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच इटलीच्या. त्या सांभाळायला त्यांना एक भरवशाचा माणूस हवा होता. उत्तमराव तिथे अठ्ठावीस वर्षं राहिले. काकू कामरगावलाच होत्या. सासू-सासरे, दोन मुली आणि वाडी त्यांनीच सांभाळली. मालक वारल्यावर गाड्या विकल्या गेल्या. त्यातली एक मालकांच्या मुलीनं कागदपत्रांसह उत्तमरावांच्या नावावर करून दिली. चार वर्षांपूर्वी ती गाडी टेम्पोत घालून ते गावी आले.

पहिल्यांदा माझ्याकडे काकूच त्यांना घेऊन आल्या होत्या. भाजी बाजारात उतरवून, त्याच ऑटोनं.

"तिथं व्हते तवा फोनवर चांगले बोलत," काकू म्हणाल्या होत्या. "इथं आले तं आयकूच येत नाई. मले वाटलं, मुद्दाम करून राह्यले."

मी तपासणी केली. आमच्या तपासणीतून एक आलेख निघतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. त्याच्या डाव्या बाजूला जाड आवाज असतात: ढोल, ट्रक, पुरुषांचं बोलणं. उजव्या बाजूला बारीक आवाज असतात: पाखरं, शिट्टी, बोलण्यातला 'स'. उत्तमरावांची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाची रेघ अशी असते. मी विचारलं, "काम करताना कानात कापूस वगैरे घालत होता का?"

"कान झाकले तं गाडी काय म्हनते ते कसं समजन?" ते म्हणाले.

मशीन बसवल्यावर मी काकूंना काहीतरी बोलायला सांगितलं. त्या अवघडल्या. मग म्हणाल्या, "काय बोलू? भूक लागली असन तुमाले."

उत्तमराव वळून त्यांच्याकडे बघत राहिले. "तुया आवाज असा कवा झाला?"

"कसा?"

"जाडा."

"चार वर्सं झाले, वरडून राह्यली. मंग कसा होईन?"

माझ्या खोलीत असे क्षण बरेच येतात. लोक रडतात, हसतात, मोबाईलवर व्हिडिओ काढतात. या दोघांनी यातलं काहीच केलं नाही. काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि दोघं जिना उतरून गेले. वहीत मी 'फिटिंग ओके' लिहिलं. आणि आता अकराव्या दिवशी दोन्ही मशीन रुमालात बांधून परत आल्या होत्या.

कारण मला लगेच कळलं. आताच्या मशीन नुसता आवाज मोठा करत नाहीत. त्या निवड करतात. बोलणं सारखं वरखाली होतं, मध्ये थांबतं. पंखा, मिक्सर, मोटरपंप, गाडी यांचा आवाज एकसारखा चालू राहतो. असा आवाज आला की मशीन समजते, हा गोंगाट आहे, आणि तो दाबून टाकते. याला नॉइज रिडक्शन म्हणतात. आम्ही ते मोठ्या कौतुकानं सांगतो. लोकांना हवंही असतं. माझ्या इतक्या वर्षांत गोंगाट परत मागायला आलेला हा पहिला माणूस.

मी त्यांना मशीन पुन्हा घालायला लावली, समजावून सांगितलं आणि लॅपटॉपवर नॉइज रिडक्शन बंद केलं. इंटरनेटवर तशाच इटालियन मोटरसायकलचा एक व्हिडिओ शोधला आणि स्पीकरवर लावला. उत्तमरावांनी डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं.

"हा गाडीचा फोटो हाये मॅडम. गाडी नोहे," ते म्हणाले. "राहू द्या. तसंबी आता काय फायदा."

"म्हणजे?"

काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुढच्या हप्त्यात नागपूरचा एक डाक्टर येनार हाये. गाडी इकून राह्यले."

मला वाटलं, काकूंना बरं वाटत असेल. अठ्ठावीस वर्षं नवरा या गाड्यांपायी लांब राहिला, गाडी गेली तर सुटल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

उत्तमराव सांगू लागले. त्या इंजिनात दोन रबरी दातेरी बेल्ट असतात. वाल्व्हची उघडझाप त्यांच्या भरवशावर चालते. बेल्ट तुटला किंवा सरकला तर वाल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. तिचे पार्ट इथे मिळत नाहीत. तिथेही आता मुश्किलीनं मिळतात. म्हणून आधी कळायला लागतं, आणि आधी कळतं ते कानानं. दोन महिन्यांपासून गाडीत काहीतरी बदललंय असं त्यांना हँडलमधून हाताला जाणवत होतं. पण ते काय आहे, हे कळत नव्हतं.

"ज्याले तिचं दुखनं आयकू येत नाई, त्यानं तिले ठेवू नाई," ते म्हणाले. "बस, एवढंच हाये."

मी म्हटलं, "काकाजी, मशीन माझ्याकडे राहू द्या. रविवारी मी कामरगावला येते. गाडीसमोरच सेटिंग करू."

मी हे बोलून गेले आणि मग बॉसची आठवण झाली. आमचे एरिया मॅनेजर अकोल्याला बसतात. माणूस चांगला, पण वेळेचा पक्का. संध्याकाळी मी फोन केला.

"ट्रायल सोमवारी संपतेय," ते म्हणाले. "पेशंट नको म्हणतोय ना? मग रिटर्न टाका."

"सर, नको नाही म्हणत. त्यांना मोटरसायकल ऐकायची आहे."

"मोटरसायकल?"

"हो सर. एक वेगळा प्रोग्राम देते. एका बटनावर बोलण्याचा, दुसऱ्या बटनावर गाडीचा."

"सॉफ्टवेअरमध्ये टीव्हीचा प्रोग्राम आहे, मंदिराचा आहे, हॉटेलचा आहे. मोटरसायकलचा कुठे आहे?"

"म्युझिकचा आहे सर. त्यात नॉइज रिडक्शन नसतं, सगळे आवाज येतात. तोच थोडा बदलीन."

"म्हणजे तो माणूस इंजिनला म्युझिक म्हणतो?"

"म्हणत नाहीत सर. पण डोळे मिटून ऐकतात."

"सोमवारी मला रिपोर्ट द्या," ते म्हणाले. फोन ठेवता ठेवता विचारलं, "कुठली गाडी आहे?" मी नाव सांगितलं. "कामरगावात?" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी कारंज्याहून जीपनं गेले. उत्तमराव फाट्यावर उभे होते. वाडीत काकूंचं सांबाराच्या जुड्या बांधणं चाललं होतं. विहिरीजवळ टिनाचं शेड. एका बाजूला खताच्या गोण्या आणि फवारणीचा पंप, दुसऱ्या बाजूला लाकडी पाटांवर, काकूंच्या जुन्या सुती लुगड्याखाली झाकलेली गाडी.

मी स्कुटी चालवते. मोटरसायकलीतलं मला काही कळत नाही. पेपरमध्ये फोटो येतात तसं काहीतरी अवजड, धिप्पाड असेल असं वाटलं होतं. लुगडं काढल्यावर दिसली ती लहानखुरी, कमरेत बारीक गाडी. लाल, पण दुकानातल्या नव्या गाड्यांसारखा चकचकीत लाल नाही. लाल मिरची वाळत आली की होतो तसा. सांगाडा झाकलेला नव्हता. बारीक पाइप एकमेकांना जोडलेले, त्यामधून इंजिन दिसत होतं. हँडल इतकं खाली की बसणाऱ्याला वाकावंच लागेल. सीट एकच. मागे कोणाला बसायला जागाच नाही.

"पुण्याले जपानच्याबी गाड्या व्हत्या," उत्तमराव म्हणाले. "जपानची गाडी म्हंजे सरकारी नोकरी. टायमावर जाते, टायमावर येते. कवा तक्रार नाई."

"मग लोक हिच्यासाठी एवढे वेडे का होतात?"

त्यांनी विचार केला. "मालक म्हनत, जपानवाल्यानं आधी पाह्यलं का मानसाले तरास नाई झाला पाह्यजे. हे बनवनाऱ्यानं आधी पाह्यलं का धावन कशी. मंग दिसन कशी. मंग आवाज कसा येईन. चालवनाऱ्याचं सुख सर्व्यात शेवटी. पाठ दुखते, मनगट दुखते, उनाळ्यात मांड्या भाजते. तरी उतरू वाटत नाई." मग त्यांनी माझं बोट धरून सांगाड्याच्या एका सांध्यावर ठेवलं. वेल्डिंगच्या बारीक लाटा हाताला लागल्या. "हे मशीननं नाई केलं. मानसानं केलं. दुसऱ्या गाडीवर हा सांधा असा नाई सापडनार. थोड्याशा बनवल्या, मंग बंद केल्या. जे हायेत ते हायेत."

रोज सकाळी ते ती दहा-पंधरा मिनिटं चालू करत. रविवारी चार-पाच किलोमीटर चालवून आणत. बाकी वेळ पुसत.

मी पाटावर लॅपटॉप ठेवला, केबल जोडली आणि त्यांच्या कानांत मशीन बसवल्या. त्यांनी गाडी चालू केली.

आवाज मोजायचं मीटर माझ्या हातात होतं, म्हणून माझं पहिलं लक्ष आकड्याकडे गेलं. तो नव्वद डेसिबलच्या पुढे होता. मग आवाजाकडे गेलं. मला वाटलं होतं एकच आवाज असेल. पण त्यात थर होते. खाली जाड ठोके, सारखे नाहीत, दोन जवळ आणि मग जरा अंतर. त्यावर एक कोरडी खळखळ, तांब्यात नाणी घालून हलवल्यासारखी. मला वाटलं, काहीतरी सुटलंय.

"हा क्लच," उत्तमराव ओरडले. "हिचा क्लच तेलात नाई, बाहेर हाये, सुका. आता पाहा." त्यांनी क्लच दाबला, खळखळ वाढली. सोडला, कमी झाली. "नवा मानूस घाबरते. म्हनते, खराब झाली. हे तिचं बोलनं हाये."

"आता येतंय ऐकू?"

त्यांनी मान हलवली. "धडधड येते. खळखळ नाई."

मी म्युझिकचा प्रोग्राम घेतला. नॉइज रिडक्शन शून्य केलं. मधल्या पट्टीतले आवाज एकेक पायरी वाढवले. सोबत वरची मर्यादा बांधून ठेवली. म्हणजे बाहेर कितीही मोठा आवाज झाला तरी मशीन ठराविक पातळीच्या वर जाऊ देणार नाही. आधीच दुखावलेल्या कानाला आपण अजून दुखवायचं नसतं. त्यामुळे काम हळू चाललं. एक पायरी, मग त्यांचं तोंड बघायचं. परत एक पायरी.

सहाव्या-सातव्या पायरीला ते थांबले. त्यांचा हात क्लचवरच होता. दाबला, सोडला. परत दाबला. मग त्यांनी दुसरा हात टाकीवर ठेवला.

"आली," ते म्हणाले.

मला वाटलं काम झालं. मी प्रोग्राम सेव्ह केला. पण ते गुडघ्यावर बसून इंजिनाच्या उजव्या बाजूला कान नेत होते. "अजून वरचा द्या मॅडम. लय बारीक. मच्छराच्याही वरचा."

मी दिला. त्यांनी तोंड वाकडं केलं. "फाटून राह्यला. भोंग्यासारखा."

मी परत प्रयत्न केला. पुन्हा तेच. मग मी त्यांना गाडी बंद करायला सांगितली, कारण आता जे सांगायचं होतं ते त्या आवाजात सांगण्यासारखं नव्हतं.

आपल्या कानात आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारख्या पेशी असतात. शंखाच्या तोंडाशी बसतात त्या बारीक आवाजाच्या. सगळा मार त्या आधी खातात, म्हणून आधी मरतात. मेलेल्या परत येत नाहीत. तिथे मशीननं कितीही आवाज पाठवला तरी घ्यायला कोणी नसतं, नुसतं फाटकं काहीतरी ऐकू येतं. हे मी रोज कोणाला तरी सांगते. त्या दिवशी सांगणं जड गेलं.

"म्हंजे ते आता कवाच नाई?" त्यांनी विचारलं.

"तेवढा आवाज नाही काकाजी. बाकी सगळे मिळतील."

ते पाटाच्या कडेवर बसले. "तिनंच खाल्ले कान. तिच्यासारख्या साऱ्याईनं मिळून. राग नाई येत, पन." मग टाकीवरची धूळ अंगठ्यानं पुसत म्हणाले, "बेल्टचा आवाज त्या बारकातच असते. मंग इकतोच. डाक्टरचे कान चांगले असतीन."

काकू कधी येऊन शेडच्या दाराशी उभ्या राहिल्या, मला कळलं नाही. हातात सांबाराची जुडी तशीच होती.

"मले येते ना आयकू," त्या म्हणाल्या.

उत्तमरावांनी त्यांच्याकडे बघितलं. मशीन कानात होती, त्यामुळे ओरडायची गरज नव्हती, आणि काकूही ओरडल्या नव्हत्या.

"तुले काय समजते त्यातलं?"

"समजत नाई. आयकू येते. तुमी सांगा काय आयकाचं."

उत्तमराव उठले, पेटीतून एक लांब स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पदर नीट खोचून घ्या म्हणाले. इतक्या वेळात पहिल्यांदा ते काकूंना 'घ्या' म्हणाले, हे माझ्या लक्षात राहिलं. स्क्रू ड्रायव्हरची मूठ काकूंच्या कानामागच्या हाडाला टेकवली. टोक इंजिनाच्या झाकणाच्या एका बोल्टवर. डॉक्टरांच्या नळीसारखंच काम होतं त्यानं, आवाज लोखंडातून थेट येतो. त्यांनी गाडी चालू केली आणि काकूंचं मनगट धरून टोक एका बोल्टवरून दुसऱ्यावर नेऊ लागले.

"इथं काय?"

"शिलाई मशीन चालते तसं."

"बराबर. इथं?"

"तसंच."

"इथं?"

काकू थांबल्या. कपाळाला आठ्या घातल्या. "इथं वेगळं हाये. जात्यात गव्हासंगं खडा आला तं कसं येते? किर्र... किर्र... तसं. गोल फिरून परत येते."

उत्तमरावांनी ताबडतोब गाडी बंद केली. "पक्कं?"

"पक्कं. आनि हे आजचं नोहे. दिवाळीपासून येऊन राह्यलं. मले अंगनातून आयकू येते ना रोज."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"मले वाटलं तिचा आवाजच हाये. तुमी कवा इचारलं?"

उत्तमरावांनी पाना घेतला आणि झाकण उघडलं. बेल्ट सैल करून काढला, मग ज्या चाकावरून तो फिरतो ते बोटानं फिरवलं. मलाही फिरवायला दिलं. गुळगुळीत फिरायला हवं होतं, ते अडखळत होतं, आत वाळू असल्यासारखं. चाकाच्या आतलं बेअरिंग गेलं होतं. अजून काही दिवस तसंच चाललं असतं तर ते जाम झालं असतं, बेल्ट तुटला असता आणि पुढचं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

"चालवत आनली असती डाक्टरनं नागपूरले, तं रस्त्यातच गेली असती," ते म्हणाले. मग काकूंकडे न बघता म्हणाले, "वाचवली तुनं."

काकूंनी स्क्रू ड्रायव्हर पेटीत ठेवला आणि मला म्हणाल्या, "ताई, भाकर खाऊनच जा."

जेवताना मी काकूंना विचारलं, गाडी विकू नये असं तुम्हाला का वाटलं. उत्तमराव हात धुवायला गेले होते.

"त्या गाडीपाशी हा मानूस बोलते," काकू म्हणाल्या. "कवा हसतेबी. ते गेली तं मले काय भेटन? भितीकडं पाहत बसलेला बुढा भेटन." मग वाढता वाढता म्हणाल्या, "सीट एकच हाये तिले. मी कवा बसली नाई. पन आयकाले कोन अडवते?"

इतक्या दुर्मीळ गाडीचं बेअरिंग कुठून आणणार, याची मला काळजी होती. उत्तमरावांना नव्हती. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. चाक इटलीचं असलं तरी बेअरिंग चालू मापाचंच होतं. तो नंबर कागदावर लिहून ते मंगळवारी अकोल्याला गेले आणि पंपाचे पार्ट विकणाऱ्या एका दुकानातून घेऊन आले. बेल्टची नवी जोडी त्यांनी पुण्याहून येतानाच सोबत आणली होती, पिशवीत पावडर लावून ठेवलेली. दोन दिवस लागले.

नागपूरच्या डॉक्टरांना त्यांनी माझ्या क्लिनिकमधूनच फोन केला. कानातली मशीन फोनला जोडता येते, ते मी त्या दिवशी शिकवत होते. पहिलाच फोन हा.

"नाई जी, इकाची नाई," ते म्हणाले. "खराब नाई झाली. झाली व्हती, सुधरवली... नाई, पैशाची गोठ नाई. घरून नाई म्हटलं." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. शेवटी म्हणाले, "पाहाले या ना. कवाबी या."

डॉक्टर आले म्हणे एका रविवारी. शेडमध्ये तासभर बसले आणि जाताना मेथी घेऊन गेले.

बॉसला मी सोमवारी रिपोर्ट दिला होता: 'पेशंटनं मशीन ठेवली. प्रोग्राम एक: बोलणं. प्रोग्राम दोन: इंजिन.' त्यांचं उत्तर आलं, 'ओके. बिलावर म्युझिक लिहा.' एक किरकोळ अडचण उरली होती. हेल्मेटखाली मशीन शिट्टी वाजवायची. त्याला माझ्याकडे उपाय नव्हता. चालवताना मशीन काढून ठेवा, चालवताना हॉर्न ऐकू येण्याइतके तुमचे कान चांगले आहेत, असं मी सांगितलं. आधी रस्ता, मग गाणं. ते त्यांना पटलं.

तीन महिन्यांनी दोघं फॉलोअपला आले. आताच्या मशीनमध्ये एक सोय असते. माणूस ती किती वेळ घालतो, कुठला प्रोग्राम किती वापरतो, हे ती आत नोंदवत राहते. लॅपटॉपला जोडली की कळतं. पुष्कळ लोक 'दिवसभर घालतो' म्हणतात आणि मशीन अर्धा तास दाखवते. मी जोडली. गाडीचाच प्रोग्राम जास्त वापरला असेल, अशी माझी खात्री होती.

"काय म्हनते तुमची मशीन?" काकूंनी विचारलं.

मी आकडा दोनदा तपासला. रोजची सरासरी नऊ तास. त्यातली गाडीची वीस मिनिटं. उरलेला सगळा वेळ बोलण्याचा प्रोग्राम.

"वीसच मिनिटं?" काकू म्हणाल्या. "मले तं जास्त वाटे."

उत्तमराव टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. "वीस पुरते," ते काकूंकडे बोट करून म्हणाले. "बाकी दिवसभर हे बोलते ना."

ती वीस मिनिटं मिळाली नसती तर मशीन रुमालातच राहिली असती, आणि बाकीचे तासही गेले असते. आमच्या फॉर्मवर पेशंटसाठी एक यादी छापलेली असते: टीव्ही ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही, गर्दीत बोलणं कळत नाही. समोरचा माणूस त्यावर खुणा करतो आणि आम्ही त्याप्रमाणे मशीन सेट करतो. आता मी त्या यादीखाली पेनानं एक ओळ लिहून घेते: 'तुम्हाला काय ऐकायचंय?' बहुतेक लोक पटकन 'टीव्ही' म्हणतात. मी ते लिहिते आणि पेन खाली ठेवत नाही. खरं उत्तर जरा थांबून येतं.